भिंतीपलीकडची माती

कमळूने आपलं घर १९८४ साली स्वतःच्या हाताने बांधलं. उंबरमाळीच्या वरच्या अंगाला आमचा पाडा, सगळा उतारावर. तिथं घर घालायचं तर आधी उतार कापून सपाटी काढावी लागते. कमळूने सोळा फूट लांब आणि पाच फूट उंच दरड कापली. मागची भिंत दरडीपासून तीन फूट सोडून उभी केली. दीड फुटी दगडी भिंत, ओळंब्यात सरळ. इथपर्यंत काम चोख होतं.

मग त्याने एक चूक केली. कापलेली माती अंगणात ढीग होऊन पडली होती. ती खाली बांधापर्यंत वाहून टाकायला दोन माणसांना चार दिवस लागले असते. कमळूने ती भिंत आणि दरड यांच्यामधल्या तीन फुटांत भरली आणि धुमसून पक्की केली. एका दिवसात अंगण मोकळं झालं. त्याच्याबरोबर घमेली मी उचलली होती. तो बावीस वर्षांचा होता, मी तीस. चार दिवसांचं काम एका दिवसात झालं म्हणून दोघंही खूश होतो.

त्याच पावसाळ्यात भिंत आतून गुडघ्यापर्यंत काळी पडली. पुढच्या वर्षी कमरेपर्यंत. नंतर लोणा लागला. हात फिरवला की पांढरी भुकटी निघायची, पोपडे पडायचे. जना, कमळूची बायको, रोज सकाळी ते झाडून काढायची आणि म्हणायची, "माझ्या घरात पीठ दळायची चक्की हाय. जातं नको."

कमळू म्हणाला, "उन्हाळ्यात काढू माती." उन्हाळ्यात तो वाशिंदला कामावर गेला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही गेला. अशी दहा वर्षं गेली.

१९९४च्या श्रावणात त्यांची धाकटी मुलगी गेली. दिपिका नाव ठेवलं होतं. एकेचाळीस दिवसांची होती. मोठी सोमी तेव्हा बारा वर्षांची. दात न आलेलं मूल आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. पाड्याची जागा ओहळापलीकडे उंबराखाली आहे. पण चार दिवस पाऊस लागून राहिला होता आणि ओहळाला छातीएवढं पाणी होतं.

म्हातारा देवजी म्हणाला, "पानी उतरू दे. दुपारपर्यंत थांबू."

जना दाराशी पोर मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "थांबायचं नाय. न्यायचं पन नाय. माझ्या भिंतीला ठेवा."

"घराला लागून नाय ठेवत गो," देवजी म्हणाला.

"पल्याड एकटी राहील ती."

 कमळूने घरामागे खणलं. आम्हीच भरलेली माती, पावसाने मऊ झालेली, टिकाव लावायला लागला नाही. कमरेएवढं खणून झालं. वर बोरीचे काटे टाकले, तीन दगड ठेवले. भिंतीपासून ती जागा हातभर होती.

त्या दिवसापासून जना मागच्या खोलीत त्याच भिंतीला पाठ लावून झोपायला लागली. घराला दोन खोल्या आणि पुढं पडवी. झोपायला कोरडी जागा होती. ती त्या जागेवरून हलली नाही. दोन पावसाळ्यांनी तिला खोकला लागला आणि चौथ्याला दम. पाण्याचा हंडा घेऊन चढण चढताना ती तीनदा बसायची.

मधल्या काळात कमळू नावाजलेला गवंडी झाला. वाशिंदला नवीन घरं होत होती, मुरबाडकडे टेकडीला लागून बंगले उठत होते. उतार कापून बांधलेल्या प्रत्येक घराची मागची भिंत ओल धरायची आणि लोक कमळूला शोधत यायचे. मी त्याच्याबरोबर बिगारी म्हणून असायचो, पुढं गवंड्याची करणीही हातात घेतली.

त्याची पद्धत एकच होती. बाहेरून माती काढायची. पायापर्यंत, आतल्या जमिनीच्याही फूटभर खाली. भिंत तारेच्या ब्रशने घासून दगड उघडा करायचा. दोन हातांचा सिमेंटचा गिलावा, त्यात वॉटरप्रूफची पावडर, गिलावा सुकला की वर डांबर. तळाला भोकं पाडलेला पाइप, सोळा फुटांना निदान चार इंच उतार देऊन. पाइपावर खडी, खडीवर रेती. काढलेली माती परत भिंतीला लावायची नाही. ती लांब न्यायची. यातलं एकही काम तो गाळत नसे. पाइपाचा उतार पाण्याच्या नळीने तीनदा बघायचा.

मुरबाडला महिपत नावाचे दुकानदार होते. त्यांच्या गोदामाची भिंत मातीत गेलेली. ते म्हणाले, "बाहेर खणत बसू नको. आतून मार काहीतरी. आठ दिवसांत माल भरायचाय."

कमळू म्हणाला, "आतनं मारायचं तर दुसरा गवंडी बघा, शेठ."

"का रे?"

"पानी भिंतीत येतंय मागनं. तुमी आतनं दार लावलं तर ते जाईल कुठं? वर चढंल. आज कमरेला हाय, उद्या डोक्याला येईल."

महिपत शेठ हसले. "एवढं कळतं, मग तुझी बायको का खोकते रे? उंबरमाळीचा एक गडी सांगत होता, तुझ्या घरात बेडूक सुखी हाय म्हणून."

 कमळू बाहेर जाऊन खणायला लागला. दुपारी भाकरी सोडली नाही. पाचच्या सुमाराला मला म्हणाला, "खरं बोलला तो."

आपल्या घरी त्याने आतून सगळं केलं. जे दुसऱ्याला करू दिलं नसतं ते केलं. १९९७ साली लोणा खरवडून पावडरीचा गिलावा मारला, दीड इंच जाड. त्या पावसाळ्यात गिलावा कोरडा राहिला आणि ओल त्याच्यावरून, छपराच्या वाशापाशी फुटली. २००० साली गिलावा काढून डांबर मारलं आणि वर कडाप्पा बसवला. ओल बाजूच्या दोन्ही भिंतींत शिरली. जनाने अंथरूण कडाप्प्याला लावलं. दगड गार होता. दम वाढला.

हे फुकट जाणार हे त्याला काम सुरू करतानाच माहीत होतं. तरी गिलावा त्याने तसाच नीट घोटला. मी एकदा विचारलं, "पोरीची जागा बाजूला ठेवून बाकीचं खणलं तर?"

"पानी तेवढ्यातनंच येईल," तो म्हणाला. "अर्धी भिंत करायची नसते."

शहापूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं, भिंत सुकवा नाहीतर बाईंना तिथून हलवा. फुप्फुसं अशी फार वर्षं चालणार नाहीत. कमळूने ते जनाला सांगितलं. ती म्हणाली, "तू आपला वाशिंदच्या भिंती बघ."

आमच्या पाड्यात बायको नवऱ्याला तू म्हणते. लाडात तू, भांडणात तू. जना तर कमळूला चारचौघांत धुवायची, आणि तो हसायचा.

सोमीचं लग्न शेणव्याला झालं होतं. २००३च्या फाल्गुनात ती आली. आईचा श्वास तिने रात्रभर ऐकला आणि सकाळी बापाला बाहेर बोलावलं. मी दरडीवर बसलो होतो.

"मी आईला पंधरा दिवस नेते," सोमी म्हणाली. "तेवढ्यात करून टाक."

"तिला काय सांगू?"

"आता काय सांगू नको. झाल्यावर सांग."

"मला विचारंल ती."

"तर खोटं बोल, बाबा. एक तर तिकडं हाय. दुसरी पन त्याच भिंतीला घालवायची का?"

निघताना जना मागे गेली, दगडांवरचा पाला काढला आणि परत आली. कमळूला म्हणाली, "मागं हात लावशील का रे?"

"नाय लावनार."

"माझ्याकडं बघून बोल."

त्याने तिच्याकडे बघितलं. "नाय लावनार."

ती एसटीने गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खणायला घेतलं.

सोळा फूट लांब, तीन फूट रुंद, सहा फूट खोल. एकोणीस वर्षांत माती दगडासारखी झाली होती. पहारेने फोडायची, टिकावाने ओढायची, घमेल्याने वर द्यायची, आणि बांधापर्यंत वाहायची. चढउतार धरून एका खेपेला दीडशे पावलं. १९८४ साली चार दिवसांत झाली असती ती माती काढायला आम्हाला नऊ दिवस लागले. मी पूर्वेकडून धरलं. पश्चिमेकडचे चार फूट कमळूने स्वतःसाठी ठेवले. तिथं त्याने टिकाव लावला नाही. खुरप्याने आणि हाताने माती काढली. अडीच दिवस तो तिथंच गुडघ्यावर होता. मी त्या बाजूला गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने हाक मारली. "चंदर, धुतलेलं धोतर हाय का तुझ्याकडं?"

मी आणून दिलं. हाडं राहिली नव्हती. मातीचा रंग तेवढा वेगळा होता, आणि पोरीच्या हातातल्या मणगटीचे चार काळे मणी होते. ती सगळी माती त्याने धोतरात घेतली. पाटीभर झाली. ओहळ कोरडा होता. तो पलीकडे उंबराखाली गेला, कमरेएवढं खणलं, ठेवली, काटे घातले, तेच तीन दगड वर ठेवले. जिथं पहिल्या दिवशी न्यायची होती तिथंच नेली, असं मी त्याला म्हणालो. त्याने मान हलवली.

मग भिंत. तशी भिंत आम्ही दोघांनी कुठल्याच बंगल्याला केली नाही. त्याने दगडांमधला सगळा दरज खरवडून नव्याने भरला. गिलाव्याचे दोन हात, डांबराचे तीन. पाइपाचा उतार चारऐवजी सहा इंच दिला. नळीने पाच वेळा बघितला. खडी धुऊन घातली. पंधराव्या दिवशी काम पुरं झालं. आतला कडाप्पा आणि डांबरही काढून टाकलं, भिंतीला श्वास मोकळा केला. दीड फुटाची भिंत महिन्यात सुकत नाही, वर्ष लागतं. पण माती निघाल्यापासून आठवड्यातच वरचा काळा पट्टा फिका पडायला लागला होता.

जना दुपारच्या एसटीने आली. सोमी बरोबर होती. जना आत गेली, भिंतीला तळवा लावला, आणि घरामागे आली. खडीचा पट्टा बघितला. पश्चिमेच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"कुठं?" तिने विचारलं.

कमळू म्हणाला, "उंबराखाली. मी हातानं काढली. सगळी नेली. कायच मागं नाय ठेवलं."

"एकटीला ठेवून आलात."

सोमी पुढं झाली. "आई, मीच सांगितलं बाबाला. तुझा दम..."

"तू गप." मग ती कमळूला म्हणाली, "तुमी जेवलात का?"

हे तिने रागाने विचारलं नाही. जसं तालुक्याहून आलेल्या माणसाला विचारतात तसं विचारलं. कमळू जागेवर उभा राहिला. मला आधी वाटलं, बोलताना चुकली. पण त्या दिवसापासून ती त्याला तुमी म्हणायला लागली. तुमी बसा, तुमी घ्या, तुमच्या अंघोळीचं पाणी काढलंय. पाड्यातल्या बायका तिला हसायच्या. सावळी म्हणाली, "शेणव्याला जाऊन शिकून आली गो. आता नवऱ्याला अहो म्हण." जनाही हसली. कमळू उठून बाहेर गेला.

तिने अंथरूण पडवीत आणलं. मागच्या खोलीत ती झोपायला परत गेली नाही. कमळूने पहिल्या आठवड्यात दोनदा सांगितलं, सोमीने रडून सांगितलं. ती म्हणायची, "तिथं आता काय हाय?" त्या खोलीत भाताचं बियाणं ठेवायला लागली. पाड्यातले इतर लोकही आपलं बियाणं तिथं आणून ठेवायचे. एवढी कोरडी जागा आसपास नव्हती. पडवीत पावसाचे शिंतोडे यायचे. कमळूने पडवीला कूड घातला, प्लास्टिक बांधलं, खाली लाकडी फळ्या टाकल्या. दम गेला नाही.

उन्हाळ्यात ती रोज ओहळ ओलांडून उंबराखाली जायची. आषाढ लागला आणि ओहळाला पाणी आलं. चार महिने पलीकडे जाता येईना. आधी मूल भिंतीपलीकडे हातभर अंतरावर होतं. आता ती अलीकडच्या काठावर पोतं डोक्यावर घेऊन उभी राहायची. कमळू मागे दहा पावलांवर उभा असायचा. ती म्हणायची, "तुमी कशाला भिजता? घरी जा."

२००४च्या उन्हाळ्यात कमळूने ओहळावर साकव घालायला घेतला. पाड्याला साकव नव्हताच. लोक म्हणाले, चांगलं करतोस. त्याने कोणासाठी करतो ते सांगितलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. ओहळ बावीस फूट रुंद. दोन दगडी खांब, वर बांबूंची ताटी. बावीस दिवस आम्ही ओहळात होतो. पावसाच्या आधी व्हायला पाहिजे म्हणून खांबांचा पाया दोनच फूट घेतला, गोट्यांवर. कातळ आणखी तीन फूट खाली होता. मी म्हणालो, खाली जाऊ. तो म्हणाला, वेळ नाय. दुसऱ्यांदा त्याने काम वाचवलं.

त्या श्रावणात जना साकवावरून गेली. जायची, यायची. साकवाबद्दल चांगलं नाही की वाईट नाही. कमळूने एकदा विचारलं, "हलतो का गो?"

"नाय. तुमी बरा बांधलाय."

२००५च्या जुलैत जो पाऊस झाला त्यात पाड्यातल्या तीन घरांच्या मागच्या भिंती बसल्या. कमळूची भिंत कोरडी होती. आमच्या पाइपातून मनगटाएवढी धार चालली होती, तीन दिवस अखंड. लोक येऊन बघून गेले. साकव पहिल्याच दुपारी गेला. दोन्ही खांब मुळापासून उपटले गेले होते. पाणी उतरल्यावर कमळूने ओहळात उतरून पाय ठेवून बघितलं आणि मला म्हणाला, "तू सांगितलं होतं."

जनाला त्या वर्षी श्रावणात जाता आलं नाही. ती काठावर भिजली. दिवाळीपर्यंत बोलतानाही धाप लागायला लागली. कमळूने वाशिंदचं काम सोडलं. संक्रांतीनंतर ओहळ आटला आणि आम्ही परत पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी कातळापर्यंत गेलो, पाच फूट. एकेका खांबाला कातळात सहा भोकं, वीतभर खोल. छिन्नी हातोड्याने एक भोक पाडायला एक माणूस, एक दिवस. बारा भोकं. त्यात सळया रोवून सिमेंट ओतलं. वर या वेळी बांबू नाही, स्लॅब घालायचा होता. खांबाचा प्रत्येक दगड त्याने घडवून घेतला. कितीदा तरी रचलेला थर उतरवून परत रचला.

चैत्रात एक दिवस जना काठीला धरून काठापर्यंत आली. आम्ही दुसऱ्या खांबावर होतो. ती दगडावर बसली. बराच वेळ नुसता श्वास घेत होती. मग म्हणाली, "कधी होईल?"

कमळूच्या हातात करणी होती. तो म्हणाला, "पावसाच्या आधी."

तिने मान हलवली. थोडा वेळ बसून ती गेली. ती दिसेनाशी झाल्यावर कमळू म्हणाला, "ऐकलंस? 'तुमी' नाय म्हणाली."

"'तू' पन नाय म्हणाली," मी म्हणालो.

"नाय म्हणाली. पन 'तुमी' नाय म्हणाली."

त्या दिवशी त्याने संध्याकाळपर्यंत एकट्याने दोन थर चढवले.

वैशाखात, स्लॅबच्या फळ्या मारायच्या होत्या त्या आठवड्यात, जना गेली. सकाळी, पडवीत. सोमी आली होती. शेवटपर्यंत तिने कमळूला कशाने हाक मारली ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. तेराव्यापर्यंत तो घरात बसला. मागच्या खोलीत, बियाण्याच्या पोत्यांमध्ये. मी गेलो तेव्हा तो भिंतीला तळवा लावून बघत होता. मला म्हणाला, "हातानं काढली मी. घमेलं नाय लावलं. हे तिला सांगायला पाहिजे होतं नीट."

"सांगितलंस तू," मी म्हणालो.

"एकदाच सांगितलं."

चौदाव्या दिवशी तो करणी घेऊन ओहळावर आला. मी म्हणालो, राहू दे, पावसाळ्यानंतर करू. त्याने ऐकलं नाही. फळ्या मारल्या, सळया बांधल्या, स्लॅब ओतला, दहा दिवस गोणपाट भिजवून ठेवलं. फळ्या काढल्या त्या दिवशी पश्चिमेला ढग भरून आले होते. ओहळात अजून पाणी नव्हतं.

कमळू साकवावर चढला. मध्ये उभा राहून दोनदा टाच आपटली. मी खाली होतो, स्लॅबला हात लावला, काही हललं नाही. तसं मी त्याला सांगितलं.

तो पलीकडे उतरला आणि उंबराकडे गेला. मी बरोबर जायला निघालो तर त्याने हात केला, नको म्हणून. मी डबक्यातल्या पाण्यात घमेली धुतली, करण्या घासल्या, ओळंब्याची दोरी गुंडाळली. उन्हं उतरली तरी तो आला नाही. मग मी दोघांची हत्यारं उचलली आणि वर आलो.